जिभेला हाड नसते, वशिंडालाही नसते

१/
जिभेला हाड नसते, हे मराठी माणसाला लहानपणीच कळते. वशिंडालाही हाड नसते, हे मात्र प्राचीन गोवंशावर हिरिरीने बोलणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसते. बैलाच्या खांद्यावरचा तो उंचवटा स्नायूंचा आणि चरबीचा असतो. जनावर मेले की तो कुजतो आणि मातीत त्याचा मागमूस उरत नाही. मग चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या एखाद्या हाडाकडे पाहून ‘ही वशिंडाची भारतीय गाय’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आणि कशाच्या बळावर मिळतो? हा धागा त्या प्रश्नाचा आहे.

२/
समाजमाध्यमांवर हे दृश्य आता नित्याचे झाले आहे. उत्खननातील हाडाचे एक छायाचित्र येते, त्याखाली एक ओळ येते आणि दोन फौजा तयार होतात. एक म्हणते, ‘पाहा, आपले पूर्वज गोमांस खात होते.’ दुसरी म्हणते, ‘पाहा, आपले पूर्वज तेव्हापासून गोपालक होते.’ दोन्ही फौजांना त्या हाडाचे नाव ठाऊक नसते. ते मांडीचे की मानेचे, गाईचे की म्हशीचे, पाळीव जनावराचे की रानातल्या, हे विचारण्याची कोणाला गरज वाटत नाही. निकाल आधीच लागलेला असतो. हाड केवळ शिक्क्यापुरते हवे असते.

३/
या धाग्याचे म्हणणे एका वाक्यात सांगता येते : ओळख आधी, अर्थ नंतर. ज्या हाडाची ओळख कशी पटवली हे सांगता येत नाही, त्या हाडावर इतिहास उभारण्याचा कोणालाही हक्क नाही. हा दोष केवळ समाजमाध्यमांवरील उत्साही मंडळींचा नाही. त्याचे मूळ पुरातत्त्वाच्या काही जुन्या सवयींतही आहे, आणि तेही स्पष्ट बोलले पाहिजे.

४/
प्रथम साधी अडचण समजून घ्यावी. भारतीय स्थळावर मोठ्या रवंथ करणाऱ्या जनावराचे हाड सापडले, तर ते निदान चार प्राण्यांपैकी कोणाचेही असू शकते : गाय-बैल, म्हैस, गवा आणि रोही, म्हणजेच नीलगाय. रोहीच्या दुसऱ्या नावात गाय असली, तरी ती गाईची सख्खी नव्हे. ती चौशिंग्याची भाऊबंद. हे चारही प्राणी जिवंत असताना शेंबड्या पोरालाही वेगळे ओळखता येतात. त्यांची हाडे मात्र, विशेषतः तुटलेली हाडे, अनुभवी अभ्यासकालाही विचारात पाडतात.

५/
आणि हाडे बहुधा तुटलेलीच असतात. संग्रहालयात दिसतो तसा अखंड सांगाडा उत्खननात क्वचितच मिळतो. मगजासाठी हाड फोडलेले असते, कुत्र्यांनी टोके चघळलेली असतात, उन्हापावसाने पृष्ठभागाच्या खपल्या निघालेल्या असतात, काही तुकडे जळालेले असतात. उकिरड्यातून हजारो तुकडे निघतात आणि त्यांतल्या मोठ्या वाट्याविषयी प्रामाणिक अभ्यासक ‘मोठे रवंथ करणारे जनावर’ यापलीकडे काही लिहू शकत नाही. ‘ओळखता आले नाही’ हा अपयशाचा शेरा नव्हे. तो शिस्तीचा शेरा आहे.

६/
तरीही ओळख पटते, आणि ती कशी पटते हे पाहण्यासारखे आहे. शिंग स्वतः कुजते, पण त्याच्या आतला हाडाचा गाभा उरतो. म्हशीचा गाभा चपटा आणि आडव्या छेदात त्रिकोणाकडे झुकणारा, तर गाय-बैलाचा गोलसर किंवा लंबगोल. घोट्याचे हाड, खुराच्या वरची नळी, दात, खांद्याचे पाते यांतही लहान-लहान भेद असतात. मोजमापे सर्वांना सारखी घेता यावीत म्हणून आंगेला फॉन डेन ड्रीश यांनी १९७६ साली मार्गदर्शक पुस्तिका प्रसिद्ध केली. आजही जगभरचे अभ्यासक त्याच पद्धतीने हाडे मोजतात.

७/
परंतु मोजमाप कळपाविषयी बोलते, एका हाडाविषयी क्वचितच. गाईपेक्षा वळू थोराड असतो. लहानपणी खच्ची केलेल्या बैलाच्या हाडांची टोके उशिरा सांधतात, त्यामुळे त्याची लांब हाडे अधिक वाढतात. रानटी जनावर पाळीवापेक्षा सामान्यतः मोठे, पण रानटी गाय आणि पाळीव वळू यांची मापे एकमेकांत मिसळतात. म्हणून ‘हाड मोठे, म्हणजे रानटी’ किंवा ‘हाड सडपातळ, म्हणजे देशी’ हा निष्कर्ष एकट्या तुकड्यावरून काढणे म्हणजे एका शितावरून साऱ्या गावाच्या जेवणावळीची परीक्षा करणे होय.

८/
आता पुरातत्त्वाची सवय. सिंधू संस्कृतीतील प्राण्यांच्या अवशेषांचा अभ्यास लवकर सुरू झाला, ही गौरवाचीच गोष्ट. मार्शल यांच्या १९३१ च्या मोहेंजोदडो-अहवालात स्यूएल आणि बी. एस. गुहा यांचे प्राणी-अवशेषांवरील प्रकरण आहे. बैनी प्रसाद यांनी १९३६ साली हडप्पा येथील प्राणी-अवशेषांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. त्या काळी तुलनेची साधने तुटपुंजी असताना या मंडळींनी घेतलेले कष्ट वादातीत आहेत.

९/
पण त्यानंतरच्या कित्येक याद्यांत एक रीत रुजली. मोठे हाड दिसले आणि ते म्हैस असल्याची ठळक खूण नसली, की त्यापुढे ‘बॉस इंडिकस’ असे लिहायचे. म्हणजे वशिंडाचा गोवंश. का? कारण आज भारतात वशिंडाचीच गुरे आहेत. आणि मग दुसरा लेखक तीच यादी उघडून म्हणतो, ‘पाहा, वशिंडाचा गोवंश तेव्हाही होता, हाडांचा पुरावा आहे.’ गृहीतक दाराने आत जाते आणि खिडकीतून निष्कर्ष होऊन बाहेर येते. गृहीतक कदाचित खरेही असेल. पण जे आधी मानले तेच नंतर सिद्ध झाले म्हणणे, याला पुरावा म्हणत नाहीत.

१०/
‘मुद्रांवर वशिंडाचा बैल स्पष्ट कोरलेला आहे, मग हाडांची कटकट कशाला?’ असा आक्षेप येतो. मुद्रांवर तो आहेच, आणि अप्रतिम आहे. पण त्याच मुद्रांवर आखूड शिंगांचा, मान खाली घातलेला, वशिंड नसलेला एक प्राणीही आहे. काही अभ्यासक त्याला बैल म्हणतात, काही गवा. शिवाय सर्वांत अधिक मुद्रांवर आहे तो एकशिंगी प्राणी, जो कोणत्याच गोठ्यात बांधता येत नाही. चित्र हे चित्रकाराच्या मनातले जनावर असते. उकिरड्यातले हाड हे ताटातले, गोठ्यातले किंवा शेतातले जनावर असते. एकाची साक्ष दुसऱ्याच्या नावावर लावता येत नाही.

११/
मग नीट काम कसे होते? बलुचिस्तानात बोलन खिंडीच्या पायथ्याशी मेहेरगढ आहे. १९७४ पासून झां-फ्रांस्वा जारीज यांच्या नेतृत्वाखाली तेथे उत्खनन झाले आणि हाडांचा अभ्यास रिचर्ड मेडो यांनी केला. त्यांनी एखादे देखणे हाड उचलून घोषणा केली नाही. थरामागून थर, हजारो तुकडे मोजले. सर्वांत खालच्या थरांत चिंकारासारख्या रानटी प्राण्यांचे प्राबल्य होते. वरच्या थरांकडे येताना गुरांच्या हाडांचा वाटा वाढत गेला आणि त्याच वेळी त्या हाडांचा आकार घटत गेला.

१२/
या दोन गोष्टी एकत्र घडणे महत्त्वाचे आहे. केवळ वाटा वाढला असता, तर लोक अधिक शिकार करू लागले असेही म्हणता आले असते. केवळ आकार घटला असता, तर माद्या अधिक मारल्या गेल्या असे म्हणता आले असते. दोन्ही बदल हळूहळू आणि एकाच स्थळी दिसले, शिवाय वशिंड दाखवणाऱ्या मातीच्या मूर्ती मिळाल्या, तेव्हा कुठे ‘येथील लोकांनी स्थानिक रानटी गोवंश माणसाळवला’ हे विधान उभे राहिले. त्या रानटी पूर्वजाचे शास्त्रीय नाव ‘बॉस नमाडिकस’. ते फाल्कनर यांनी नर्मदेच्या खोऱ्यातील जीवाश्मांवरून दिले. नावातच नर्मदा आहे.

१३/
पुढे १९९४ साली लॉफ्टस आणि सहकाऱ्यांनी गुरांच्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएवरून दाखवले की वशिंडाचा आणि बिनवशिंडाचा गोवंश निदान दोन लाख वर्षांपूर्वीच वेगळ्या वाटांना लागला होता. म्हणजे माणसाने त्यांना दोन ठिकाणी स्वतंत्रपणे माणसाळवले. मेहेरगढच्या हाडांनी जे आधी सुचवले, त्याला रक्ताच्या साक्षीने दुजोरा मिळाला. क्रम ध्यानात ठेवावा : आधी मोजलेली हाडे, मग दुसऱ्या शास्त्राची स्वतंत्र साक्ष, आणि सर्वांत शेवटी विधान.

१४/
आता मूळ प्रश्नाकडे. वशिंड कुजते, पण ते ज्या पाठीवर असते ती पाठ उरते. वशिंडाच्या गुरांत छातीच्या मागच्या काही मणक्यांचा वर आलेला काटा टोकाशी दुभंगलेला असू शकतो, बेचकीसारखा. बिनवशिंडाच्या युरोपीय गुरांत तो सामान्यतः अखंड असतो. वशिंडाची हाडांतली सर्वांत बोलकी खूण ती हीच. पण अटी लक्षात घ्याव्यात : सर्व मणक्यांत बेचकी नसते, आणि संकरित जनावरातही ती दिसू शकते. म्हणून बेचकी सापडली तर सबळ संशय. न सापडली तर काहीच सिद्ध होत नाही.

१५/
असा एक बेचकीचा मणका जॉर्डनच्या खोऱ्यातील देर अल्ला या टेकाडावर मिळाला. काळ कांस्ययुगाच्या अखेरीचा आणि लोहयुगाच्या आरंभाचा. सिंधूपासून हजारो किलोमीटर दूर, बिनवशिंडाच्या गुरांच्या मुलखात हा मणका! आजच्या समाजमाध्यमांना तो मिळाला असता, तर संध्याकाळपर्यंत ‘भारताने पश्चिम आशियाला गाय दिली’ अशी चित्रफीत तयार झाली असती आणि रात्रीपर्यंत तिला उत्तर देणारी दुसरी.

१६/
नेदरलँडच्या प्राणी-पुरातत्त्वज्ञ ए. टी. क्लासोन यांनी १९७८ साली त्यावर एक छोटा निबंध लिहिला. त्याच्या शीर्षकात जॉर्डनमधील वशिंडाच्या गुरांचा उल्लेख आहे आणि शेवटी एक प्रश्नचिन्ह आहे. त्या प्रश्नचिन्हासाठी हा सारा धागा लिहिला गेला असे म्हटले तरी चालेल. हाडाची ओळख त्यांना पटली होती. एका हाडावरून कळपाचा इतिहास सांगता येत नाही हेही त्यांना पटले होते. त्या दोन पटलेल्या गोष्टींमधली जागा त्यांनी प्रश्नचिन्हाने भरली, घोषणेने नव्हे.

१७/
पुढच्या काळात पश्चिम आशियातील अशा विखुरलेल्या खुणा, हाडे आणि वशिंडाच्या बैलांच्या प्रतिमा, रॉजर मॅथ्यूज यांनी २००२ साली एकत्र मांडल्या. दुष्काळ आणि वशिंडाच्या गुरांचा प्रसार यांचा संबंध असावा, हा त्यांचा तर्क. वशिंडाचा गोवंश उष्णता आणि पाण्याची टंचाई अधिक सोसतो, हे आपल्याकडील कोणताही खिलार-मालक सांगेल. तर्क सुरेख होता. पण अजून तर्कच होता.

१८/
मग २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात ६७ प्राचीन जनावरांच्या जनुकसंचांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपासून पश्चिम आशियाच्या गुरांत वशिंडाच्या गोवंशाचा अंश वेगाने आणि दूरवर, भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यापर्यंत पसरलेला दिसला. सुरुवात सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुष्काळाशी जुळते. आणि सर्वांत महत्त्वाचे : हा अंश प्रामुख्याने नरांकडून आला. माद्यांचा वंश बहुतांशी स्थानिकच राहिला. म्हणजे पसरले ते मुख्यतः वळू.

१९/
१९७८ चे प्रश्नचिन्ह ४१ वर्षे थांबले होते. त्याने घाई केली नाही म्हणूनच ते आज आदरास पात्र आहे. आणि उत्तर आले ते घोषणेपेक्षा कितीतरी रोचक निघाले. ‘भारताने गाय दिली’ हे वाक्य त्यात कुठेच बसत नाही. बसते ते एवढे : दुष्काळात जगण्यासाठी त्या मुलखातल्या पशुपालकांनी आपल्या कळपांवर परक्या वळूंचा संकर होऊ दिला, बहुधा जाणीवपूर्वक करवला.

२०/
येथे एक उडी नेहमी मारली जाते : जनावर गेले म्हणजे माणसे गेली. मग त्या मणक्यावरून सिंधूकाठच्या लोकांचे पश्चिमेला स्थलांतर, भाषांचा प्रवास, देवांचा प्रवास, सारे काही सिद्ध होते. पण जनावर चार पायांचे आहे; ते बाजारातून बाजारात, हातातून हातात जाते. थोड्याशा वळूंनी काही पिढ्यांत एका प्रदेशाचे कळप बदलू शकतात आणि त्यासाठी एकाही कुटुंबाने घर सोडण्याची गरज नसते. वळूचा वंश म्हणजे गुराख्याचा वंश नव्हे.

२१/
दुसरी असाधारण खूण कष्टाची. आयुष्यभर ओढकाम केलेल्या बैलाच्या खुराच्या पेरांवर आणि सांध्यांच्या कडांवर हाडाची वाढ होते, नळीचे खालचे टोक पसरते. बार्तोशेविच आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली रोमेनियातील खऱ्याखुऱ्या ओढकामाच्या बैलांची हाडे तपासून या खुणांची प्रतवारी केली. कारण तशीच वाढ वयाने, वजनाने किंवा आजारानेही होते. आधी ज्याचे काम ठाऊक आहे अशा जनावराची हाडे पाहायची आणि मग अज्ञात हाडाविषयी बोलायचे, ही त्यांची रीत.

२२/
या रीतीचे मोल महाराष्ट्राला विशेष कळावे. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ साली मिळालेल्या कांस्यमूर्तींत दोन बैल जुंपलेला रथ आहे. तो रथ पाहून ‘तेव्हा येथे बैल ओढकामाला होते’ असे म्हणणे सोपे आहे. पण मूर्ती दुसरीकडून येऊ शकते. बैलाच्या पायाचे हाड सहसा जिथे बैल राबला तिथेच पडते. म्हणून शेतीचा इतिहास लिहिताना त्या झळाळत्या रथाइतकीच उकिरड्यातली खुराची पेरे मोलाची असतात. त्यांची छायाचित्रे मात्र कोणी प्रसारित करत नाही.

२३/
आता ज्या प्रश्नावर सर्वांचे घसे बसतात तो. हडप्पा संस्कृतीचे लोक गुरांचे मांस खात होते का? होय. इनामगावचे ताम्रपाषाणयुगीन शेतकरी खात होते का? होय. घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथील प्राणी-अवशेषांत गुरांची हाडे मोठ्या प्रमाणात आहेत आणि त्यांवर कापल्याच्या व भाजल्याच्या खुणा आहेत. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांच्या पिढीने हे लपवले नाही. जे आज लपवू पाहतात, त्यांचा वाद कोणा विचारसरणीशी नसून या मातीतल्या पुराव्याशी आहे.

२४/
परंतु होकार देणाऱ्यांनीही पुरावा वाचायला शिकावे. प्रत्येक काप म्हणजे जेवण नव्हे. खुराजवळचा आडवा काप बहुधा कातडी सोडवताना पडतो. सांध्याजवळचा काप जनावर सुटे करताना. मांसल हाडाच्या मधोमध लांबट खरवडा मांस काढताना. मेलेल्या जनावराचे कातडे काढणाऱ्या हातालाही पहिली खूण सोडावी लागते. जळणे म्हणजेही भाजणे नव्हे. उकिरडा पेटला तरी हाड काळे होते. कुठल्या हाडावर, कुठे, कशी खूण आहे हे न सांगता ‘खुणा आहेत’ म्हणणे हे अर्धेच सांगणे झाले.

२५/
डिसेंबर २०२० मध्ये अक्षयेता सूर्यनारायण आणि सहकाऱ्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. हरियाणा आणि उत्तर प्रदेशातील सिंधूकालीन स्थळांच्या मडक्यांत मुरलेल्या स्निग्धांशाचा तो अभ्यास. लगोलग मथळे आले : ‘सिंधू लोक गोमांस खात.’ त्यावर संताप आला, संतापावर टाळ्या आल्या. मूळ निबंध किती जणांनी वाचला? स्निग्धांशावरून रवंथ करणारे जनावर की न करणारे, मांसाची चरबी की दूध, हे सांगता येते. गाय की म्हैस, हे सांगता येत नाही.

२६/
त्याच निबंधाने हाडांचे जुने आकडेही दिले : सिंधूकालीन स्थळांवर पाळीव जनावरांच्या हाडांत सरासरी ५० ते ६० टक्के हाडे ‘गाय/म्हैस’ यांची. मधली ती तिरकी रेघ पाहावी. अभ्यासकांनी ती प्रामाणिकपणे ठेवली, कारण तुटक्या हाडांत हे दोन प्राणी नेहमी वेगळे करता येत नाहीत. मथळ्यांनी प्रथम ती रेघ पुसली आणि तिच्याबरोबर म्हैसही पुसली. आणि ज्या मडक्यांत रवंथ न करणाऱ्या, म्हणजे डुकरासारख्या, प्राण्यांच्या चरबीशी जुळणारे अंश बरेच आढळले, ती खरी चकित करणारी गोष्ट कोणाच्याच मथळ्याला नको होती.

२७/
जनावर कोणते हे ठरण्याआधी इतिहास ठरला की काय होते, त्याचा धडा २००० सालीच मिळाला होता. सिंधू लिपी उलगडल्याचा दावा करणाऱ्या एका पुस्तकात ‘घोड्याची मुद्रा’ छापली गेली. मायकेल विट्झेल आणि स्टीव्ह फार्मर यांनी ‘फ्रंटलाइन’मध्ये दाखवून दिले की ते एका तुटक्या एकशिंगी बैलाच्या मुद्रेचे अस्पष्ट चित्र होते. तुटलेल्या भागात ज्याला जे हवे ते दिसते. हाडाचेही तसेच आहे : जितका तुकडा लहान, तितकी कल्पना मोठी.

२८/
‘आता डीएनए आहे, तो सारे वाद मिटवेल’ हे आणखी एक आवडते उत्तर. तो मिटवेलही, जिथे टिकला असेल तिथे. उष्ण, दमट मुलखात तो फार लवकर नष्ट होतो. राखीगढीच्या मानवी अवशेषांचे ६१ नमुने तपासले गेले आणि २०१९ च्या निबंधासाठी त्यांतून एकाच व्यक्तीचा जनुकसंच हाती आला. हाडातल्या कोलॅजेनवरून प्राणी ओळखण्याची पद्धतही आहे. पण तेही उष्णतेत टिकत नाही, आणि जवळच्या भाऊबंदांत, उदाहरणार्थ गाय आणि बायसन यांत, ती भेद करू शकत नाही. भारतीय हाडांची ओळख यापुढेही मुख्यतः डोळ्यांनी, बोटांनी आणि मोजपट्टीनेच पटवावी लागणार आहे.

२९/
म्हणूनच खरी तक्रार येथे आहे. हाड ओळखायचे तर शेजारी ठेवायला ओळखीचे हाड लागते. अभ्यासकांच्या टेबलावर असणारा एलिझाबेथ श्मिड यांचा १९७२ चा अस्थिकोश उत्तम आहे, पण तो युरोपातल्या जनावरांचा. आपल्या तुकड्यांना शेजार हवा तो खिलारचा, डांगीचा, देवणीचा, लाल कंधारीचा, पंढरपुरी म्हशीचा, विदर्भातल्या रोहीचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पी. के. थॉमस आणि प्रमोद जोगळेकर यांच्यासारख्यांनी या शास्त्राची परंपरा उभी केली. पण एका संस्थेच्या कपाटांनी साऱ्या देशाचे उकिरडे ओळखावेत, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

३०/
आणि वेळ थोडा आहे. गोठ्यांत संकरित जनावरे वाढत आहेत, नांगर ट्रॅक्टर ओढतो आहे. आयुष्यभर जू ओढलेल्या देशी बैलाचा सांगाडा, त्याचे वय, त्याने केलेले काम, त्याचा आहार यांच्या नोंदीसह आज जपून ठेवला नाही, तर उद्या इनामगावच्या बैलाशी तुलना कोणाशी करणार? ज्यांना प्राचीन गोवंशाचा अभिमान आहे त्यांनी या सांगाड्यांसाठी कपाटे मागावीत. ज्यांना त्या अभिमानाची चीड आहे त्यांनीही तीच मागावीत. या एका मागणीवर दोन्ही फौजांचे भांडण होण्याचे कारण नाही.

३१/
तोवर इतिहासप्रेमी तरुणांनी पुढचे हाड पडद्यावर आले की पाच प्रश्न विचारावेत. हाड शरीरातले कोणते? कोणत्या खुणेवरून प्राणी ओळखला, आणि म्हैस, गवा, रोही यांची शक्यता कशी वगळली? तुकडा एक आहे की नमुना मोठा? थर कोणता आणि त्याचा काळ कसा ठरला? काप असेल तर तो नेमका कुठे आहे? या प्रश्नांना उत्तर न देणारी नोंद कितीही आवडती असली, तरी पुढे पाठवू नये.

३२/
‘सामान्य वाचकाला एवढे बारकावे कशाला? साधे सांगावे,’ असे म्हटले जाते. साधे सांगणे आणि खोटे सांगणे यांत फरक आहे. ‘गाय किंवा म्हैस’ हे तीन शब्द कोणत्याही वाचकाला जड नाहीत. ते जड जातात ते निकाल आधी लावून बसलेल्यांना.

३३/
जिभेला हाड नसते म्हणून ती हवी तशी वळते. वशिंडालाही हाड नसते. पण ते ज्या पाठीवर होते तिच्यातला एक दुभंगलेला मणका कधीतरी मातीतून वर येतो. तो हाती आला की क्लासोन यांनी केले तेच करावे : नीट पाहावे, मोजावे, लिहावे, आणि जिथे ज्ञान संपते तिथे प्रश्नचिन्ह ठेवावे. ते काढण्याचे काम पुढच्या पिढीचे असते. ते पुसण्याचा अधिकार कोणत्याच फौजेचा नसतो.

(धागा समाप्त)